रिझर्व्ह बँकेचं प्रादेशिक कार्यालय आणि आपण : ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात एका बँकेच्या करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या नोटा ठेवायच्या तिजोरीत, बरीच वर्षं जॉइंट कस्टोडियन होतो. म्हणजे तिजोरीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी सहकाऱ्याकडे, आणि दोघं मिळून उभे राहिल्याशिवाय दार उघडायचं नाही. निवृत्तीनंतर नौपाड्यातल्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर बसतो, तर रोज कोणी ना कोणी विचारतंच, "काका, रिझर्व्ह बँकेत तक्रार केली तर काम होईल का?" बहुतेकांचं काम होण्यासारखं असतं, पण ते चुकीच्या दारावर उभे असतात. म्हणून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र लिहून ठेवले आहेत.

बेलापूरला रिझर्व्ह बँकेची शाखा आहे ना? तिथे खातं उघडता येतं का?

सीबीडी बेलापूरला कार्यालय आहे, पण नेहमीच्या अर्थाने ती शाखा नाही. तिथे तुमचं-माझं बचत खातं उघडत नाहीत, एफडी घेत नाहीत, कर्ज देत नाहीत. रिझर्व्ह बँकेत खाती असतात ती बँकांची आणि सरकारांची. महाराष्ट्रात रिझर्व्ह बँकेची अशी कार्यालयं मुंबई, नागपूर आणि बेलापूर इथे आहेत. मुंबईत फोर्टमधली इमारत सगळ्यांना ठाऊक असते. दुसरी इमारत 'भायखळा कार्यालय' म्हणून ओळखली जाते, पण ती आहे मुंबई सेंट्रल स्टेशनसमोर. त्या नावामुळे भायखळ्याला उतरून पायपीट केलेले दोघं तरी माझ्या ओळखीचे आहेत.

सामान्य माणसाला रिझर्व्ह बँकेशी थेट व्यवहार करायचा असेल तर एक वाट आहे, रिटेल डायरेक्ट. नोव्हेंबर २०२१ पासून त्यातून सरकारी रोखे स्वतःच्या नावावर घेता येतात. पण ते ऑनलाइन आहे, त्यासाठी बेलापूरला जायची गरज नाही.

मग त्या एवढ्या मोठ्या इमारतीत चालतं काय?

बेलापूर हे देशातल्या १९ इश्यू कार्यालयांपैकी एक आहे. नोटा चलनात आणणं आणि चलनातून परत घेणं ही तिथली पहिली जबाबदारी.

नोट छापली जाते चार ठिकाणी: नाशिक आणि देवासला केंद्र सरकारच्या महामंडळाच्या छापखान्यांत, म्हैसूर आणि सालबोनीला रिझर्व्ह बँकेच्या उपकंपनीच्या छापखान्यांत. तिथून नोटा इश्यू कार्यालयात आणि पुढे करन्सी चेस्टमध्ये येतात. चेस्ट असते एखाद्या बँकेच्या शाखेत, पण आतला पैसा त्या बँकेचा नसतो, रिझर्व्ह बँकेचा असतो. हे लोकांना पटकन समजत नाही. आम्ही चेस्टमधून शंभरच्या नोटांचं एक बंडल, म्हणजे दहा पाकिटं, म्हणजे हजार नोटा, शाखेच्या काउंटरला दिल्या की त्या क्षणापासून तो पैसा बँकेचा. संध्याकाळी जास्तीची रोकड परत चेस्टमध्ये ठेवली की पुन्हा रिझर्व्ह बँकेचा. त्याच दिवशी हे सगळं कळवावं लागतं, आणि कळवण्यात चूक किंवा उशीर झाला तर बँकेला दंड बसतो. माझ्या नोकरीतली सगळ्यात जास्त काळजी या एका कामाची होती.

उलटा प्रवासही असाच. मळलेल्या, पानाच्या डागाच्या, घडीवर विरलेल्या नोटा शाखांतून चेस्टमध्ये साठतात. आमच्या भाषेत 'सॉइल्ड'. त्या इश्यू कार्यालयात जातात, तिथे मोठ्या यंत्रांवर मोजल्या जातात, खऱ्या-खोट्या तपासल्या जातात, आणि चलनात ठेवण्यासारख्या नसलेल्या तिथेच बारीक कातरून त्यांच्या विटा दाबल्या जातात. आपल्या पाकिटात बऱ्यापैकी कोरी नोट येते ती या कामामुळे, आणि हे काम करणाऱ्या माणसांचं नाव कुठे येत नाही.

याखेरीज प्रादेशिक कार्यालयांकडे सरकारी खात्यांचे व्यवहार, ग्राहक जागृती, लीड बँक योजनेवर (जिल्ह्यातल्या कर्जपुरवठ्याची जुळणी एका बँकेकडे सोपवणारी योजना) लक्ष, बेकायदा ठेवी गोळा करणाऱ्यांची माहिती ठेवणं, अशी कामं असतात. प्रत्येक कार्यालयात सगळी कामं सारख्या प्रमाणात नसतात.

प्रादेशिक कार्यालयाचा प्रमुख कोण असतो? त्याच्या हातात किती अधिकार असतो?

प्रमुखाला बहुतेक ठिकाणी प्रादेशिक संचालक म्हणतात. हा बाहेरून नेमलेला माणूस नसतो, रिझर्व्ह बँकेतच वर चढत आलेला अधिकारी असतो. थेट भरतीतले बरेच अधिकारी 'ग्रेड बी'ला मॅनेजर म्हणून लागतात, मग सहायक महाव्यवस्थापक, उपमहाव्यवस्थापक, महाव्यवस्थापक, मुख्य महाव्यवस्थापक. मोठ्या कार्यालयाचा प्रमुख साधारणपणे मुख्य महाव्यवस्थापक दर्जाचा असतो, लहान कार्यालयाला महाव्यवस्थापकही असतो. काही वर्षांनी बदली ठरलेली.

त्यांच्या वर मध्यवर्ती कार्यालय, कार्यकारी संचालक, जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर आणि गव्हर्नर. डिसेंबर २०२४ पासून संजय मल्होत्रा गव्हर्नर झाले. सगळ्यांच्या वर केंद्रीय संचालक मंडळ. कायद्यात मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि नवी दिल्ली अशी चार स्थानिक मंडळंही आहेत, प्रत्येकी पाच सदस्यांची. त्यांचं काम मुख्यतः केंद्रीय मंडळाला सल्ला देण्याचं. स्थानिक मंडळ आणि प्रादेशिक कार्यालय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वर्तमानपत्रांतही त्यांची गल्लत होते.

आता अधिकार. प्रादेशिक संचालक आपल्या भागात नोटांचा पुरवठा नीट राहील हे बघतो. राज्यातल्या बँकांच्या आणि सरकारच्या बैठकांत रिझर्व्ह बँकेची बाजू मांडतो. लहान उद्योगांच्या कर्जपुरवठ्याचा आढावा घेणाऱ्या समितीचा अध्यक्ष असतो. माझ्या मते या पदाची खरी परीक्षा टंचाईच्या आणि अफवेच्या दिवसांत होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा कोणत्या चेस्टला किती रोकड द्यायची हे रोज ठरवावं लागत होतं. आमच्या शाखेबाहेर पहाटेपासून रांग, आत आम्ही रेमिटन्सच्या, म्हणजे नोटा घेऊन येणाऱ्या, गाडीची वाट बघतोय, आणि फोनवर पलीकडचा अधिकारी शांतपणे सांगतोय की आज एवढंच मिळेल, ते सगळ्या शाखांना थोडं थोडं वाटा. त्या आवाजाने आम्हाला धीर दिला, हे मी आजही मनापासून सांगतो.

म्हणजे कर्जाचा हप्ता वाढला तर बेलापूरला निवेदन देऊन उपयोग नाही?

नाही. हप्ता बहुतेक वेळा रेपो दराबरोबर हलतो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते त्याबरोबर. तो दर ठरवते सहा जणांची पतधोरण समिती, २०१६ पासून. प्रादेशिक कार्यालयाचा त्यात निर्णयाचा वाटा नसतो.

रिझर्व्ह बँकेत मराठी माणूस कधी वरच्या पदावर होता का?

पहिला भारतीय गव्हर्नरच आपल्या कोकणातला! चिंतामणराव देशमुख, जन्म महाडजवळच्या नाते गावचा, घराणं रोह्याचं. रिझर्व्ह बँक सुरू झाली १ एप्रिल १९३५ ला. चिंतामणराव १९४३ मध्ये गव्हर्नर झाले आणि १९४९ पर्यंत राहिले. फाळणीच्या वेळी दोन देशांच्या चलनाची घडी बसवणं आणि १ जानेवारी १९४९ चं बँकेचं राष्ट्रीयीकरण, दोन्ही त्यांच्या कारकिर्दीतलं. पुढे अर्थमंत्री झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला. नवी मुंबईतल्या शाळांमधून हे नाव जास्त ऐकू यायला हवं असं मला फार वाटतं.

बँक माझं ऐकतच नाही. प्रादेशिक संचालकांना थेट पत्र लिहू का?

लिहू शकता, पण वेळ जाईल. क्रम असा धरा. आधी आपल्या बँकेकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँक ग्राहकांच्या तक्रारी निकाली काढणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकात्मिक लोकपाल योजना आली, तेव्हापासून तुमचा पत्ता ठाण्याचा की पनवेलचा याने फरक पडत नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करायची, किंवा कागदावर लिहून चंदीगडच्या केंद्रीय कक्षाकडे पाठवायची. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. वकील लागत नाही, फी नाही.

दोन गोष्टींवर लोक अडतात. एक, बँकेकडे आधी तक्रार केल्याचा पुरावाच नसतो, काउंटरवर तोंडी भांडण झालेलं असतं. दुसरं, तोच वाद आधीच कोर्टात नेलेला असतो, मग लोकपाल हात लावत नाही. मी स्वतः एकदा एका बँकेशी एटीएमच्या अडकलेल्या पैशांवरून चार महिने तोंडी भांडलो. बँकेत आयुष्य काढूनही लेखी द्यायला विसरलो. शेवटी एक पानाचा अर्ज दिला, पोच घेतली, आणि आठ दिवसांत पैसे जमा झाले.

फाटलेली नोट बँक घेत नाही. खरंच घ्यायची नसते का?

घ्यायची असते. सरकारी आणि खासगी व्यापारी बँकांच्या शाखांनी मळलेल्या आणि फाटक्या नोटा बदलून द्यायच्या आहेत, तुमचं तिथे खातं असो वा नसो. किती पैसे मिळतील ते नियमात क्षेत्रफळावर ठरलेलं आहे:

- वीस रुपयांपर्यंतची नोट: सगळ्यात मोठा सलग तुकडा निम्म्याहून जास्त असेल तर पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही.
- पन्नास आणि त्यावरची नोट: ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, ४० पेक्षा कमी असेल तर शून्य.

मुद्दाम कापलेली, तुकडे जुळवून फसवणूक केलेली किंवा राजकीय घोषणा लिहिलेली नोट नाकारली जाते. पेनाने कुणी हिशेब लिहून ठेवला असेल तर तेवढ्याने नोट बाद होत नाही. हा गैरसमज भाजी मार्केटपासून रिक्षा स्टँडपर्यंत सगळीकडे आहे, आणि त्यात भरडली जातात ती दिवसाला चार-पाचशे कमावणारी माणसं. शाखेने नकार दिला तर कारण लेखी मागा. नुसतं एवढं म्हटलं तरी बरेचदा काउंटरवरचा सूर बदलतो.

नोटा जळाल्या आहेत किंवा वाळवीने खाल्ल्या आहेत. टाकून द्यायच्या?

मुळीच नाही! कोपरीच्या एका आजींनी लाकडी पेटीत लुगड्याखाली पैसे जपून ठेवले होते. पावसाळ्यात ओल आली, मागून वाळवी. मुलाने माझ्याकडे आणलं तेव्हा ती नोटांची चवड नव्हती, पापडाचा गठ्ठा होता. घरच्यांनी एक-एक नोट सोडवायला घेतली होती आणि सोडवताना कडेच्या चार-पाच नोटांचा पार भुगा केला होता.

अशा वेळी हात लावू नका. जळालेल्या, करपलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, बोट लागताच तुटणाऱ्या नोटा शाखेत बदलत नाहीत, त्या इश्यू कार्यालयात दाखवायच्या असतात. तिथे विशेष पद्धतीने त्या तपासल्या जातात. आहेत तशा एका पसरट डब्यात, खाली कापूस घालून, झाकण लावून न्या. लोकलमध्ये डबा पिशवीत कलता ठेवू नका. रांगेत थांबणं शक्य नसेल तर इश्यू कार्यालयात तीन कुलपांची पेटी ठेवलेली असते. ठरलेल्या पाकिटात नोटा, नाव, पत्ता, खात्याचा तपशील घालून त्यात टाकायचं, टोकन घ्यायचं, पैसे नंतर खात्यात येतात. पण करपलेल्या नोटा पाकिटात कोंबू नका, त्या काउंटरवरच द्या. आजींचे सगळे नाही, पण बऱ्यापैकी पैसे परत आले.

२००० ची नोट अजून चालते का?

कायद्याने चलन आहे, पण १९ मे २०२३ ला ती चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं आणि बँकांच्या शाखांतली सोय ७ ऑक्टोबर २०२३ ला संपली. तेव्हापासून ती इश्यू कार्यालयातच द्यायची, म्हणजे आपल्यासाठी बेलापूर किंवा फोर्ट. ओळखपत्र आणि खात्याचा तपशील सोबत हवा. जाणं जमत नसेल तर पोस्टातून पाठवायची सोय आहे, रक्कम खात्यात जमा होते. वयस्कर माणसांनी हाच मार्ग घ्यावा.

आणि जुन्या पाचशे-हजारच्या?

त्या आता कुठेच बदलून मिळत नाहीत. २०१७ च्या कायद्याने दहापेक्षा जास्त जवळ ठेवणं हा गुन्हा आहे, किमान दहा हजार रुपये दंड. 'कमिशनवर बदलून देतो' म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका.

दहाचं नाणं दुकानदार घेत नाही.

दहाच्या नाण्याचे वेगवेगळे चौदा नमुने चलनात आहेत असं रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच सांगितलं होतं. सगळी खरी. पन्नास पैशांचंही नाणं कायद्याने चालू आहे, २५ पैसे आणि त्याखालची मात्र ३० जून २०११ पासून बंद. रुपया आणि त्यावरच्या नाण्यांत एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत देता येतं.

क्रमांकात चांदणी असलेली नोट खोटी असते का?

नाही. छपाईत बाद झालेल्या नोटेच्या जागी आलेली ती नोट असते. बिनधास्त वापरा.

बँकेत भरणा करताना एक नोट खोटी निघाली. पोलीस पकडतील का?

एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर बँक त्या जप्त करते, शिक्का मारते, तुम्हाला पावती देते आणि महिन्याच्या एकत्रित अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त असतील तर लगेच तक्रार नोंदवली जाते. नोट परत मिळत नाही आणि पैसेही मिळत नाहीत. पावती मात्र मागून घ्याच.

आमच्या सहकारी बँकेवर निर्बंध आले तर पैशांचं काय? आणि पतसंस्थेचं?

या प्रश्नाला मी नेहमी जास्त वेळ देतो, कारण ठाणे-डोंबिवली-कल्याण पट्ट्यात घराघरांत सहकारी बँकेची पासबुकं आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा या भागातल्या किती संसारांची झोप उडाली ते मी जवळून पाहिलं. मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, सोसायटीचा दुरुस्ती निधी, सगळं एका रात्रीत गोठलं.

नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण असतं, आणि २०२० च्या दुरुस्तीने ते आणखी वाढलं. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांची तपासणी नाबार्ड, म्हणजे शेती आणि ग्रामीण कर्जासाठीची राष्ट्रीय बँक, करतं. दोन्हीकडच्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे, ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत. एका बँकेतल्या सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून, एका ठेवीदाराला पाच लाख. निर्बंध आल्यावर विम्याची रक्कम ९० दिवसांत द्यावी अशी तरतूद २०२१ मध्ये झाली.

पतसंस्थेची गोष्ट पूर्ण वेगळी. पतसंस्था सहकार खात्याच्या निबंधकाखाली येते. रिझर्व्ह बँकेचा परवाना नाही आणि हा पाच लाखांचा विमा नाही. दारावर कितीही चकचकीत पाटी असली, मॅनेजर आपल्याच आळीतला असला, तरी हे बदलत नाही. पतसंस्थेविरुद्ध बेलापूरला अर्ज घेऊन गेलेल्या माणसाला तिथला अधिकारी निबंधकाकडे पाठवतो तेव्हा तो टोलवाटोलवी करत नसतो, त्याच्या हातात खरंच काही नसतं. म्हणून पैसे ठेवण्याआधी विचारा: तुमच्याकडे बँकिंगचा परवाना आहे का, ठेव विमा आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

दामदुप्पट योजनेत अडकलो. रिझर्व्ह बँक पैसे काढून देईल?

काढून देणार नाही, पण माहिती घेऊन योग्य यंत्रणेकडे पाठवेल. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तक्रार नोंदवा. राज्य पातळीवर एक समन्वय समिती असते, तिच्यात रिझर्व्ह बँक, पोलीस आणि राज्य सरकारची खाती एकत्र बसतात. समांतरपणे पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा, कारण ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा राज्याचा कायदा मालमत्ता जप्त करायची ताकद देतो. जितके लवकर जाल तितकं जप्त करायला काही शिल्लक असतं.

खारघरला राहतो, बेलापूर पलीकडेच. पण कर्जयोजनेच्या बैठकीला अलिबागला जा म्हणाले, ते का?

कारण खारघर-पनवेल रायगड जिल्ह्यात, आणि बेलापूर ठाणे जिल्ह्यात. लीड बँक योजना जिल्ह्यावर चालते. ठाण्याची लीड बँक महाराष्ट्र बँक, रायगडची बँक ऑफ इंडिया. बचत गट किंवा छोट्या उद्योगाचं कर्ज शाखेत अडलं तर आपल्या जिल्ह्याच्या लीड बँक मॅनेजरला भेटा. त्या बैठकांना रिझर्व्ह बँकेचा लीड जिल्हा अधिकारीही बसतो. लेखी मुद्दा आधी पोचवला तर तो तिथे मांडला जातो.

'रिझर्व्ह बँकेतून बोलतोय' असा फोन आला तर?

ठेवून द्या. रिझर्व्ह बँक ओटीपी मागत नाही, लॉटरी देत नाही, खातं तपासायला पैसे 'सुरक्षित खात्यात' हलवायला सांगत नाही. पैसे गेले असतील तर त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन करा. बँकेची वेबसाइट उघडताना पत्त्याच्या शेवटी 'डॉट बँक डॉट इन' आहे का ते बघा, बँकांना आता तोच पत्ता दिलेला आहे.

वडिलांची जुनी ठेव कुठल्या बँकेत होती आठवत नाही.

दहा वर्षं कोणी हात न लावलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत वर्ग होते, पण हक्क बुडत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर नावाने शोधा, मग त्या बँकेत वारसाचे कागद द्या.

बेलापूर कार्यालयात जायचं कसं, काय न्यायचं?

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल धरा आणि सीबीडी बेलापूरला उतरा. वाशी लोकल चालणार नाही, ती तुर्भ्यानंतर सानपाड्याकडे वळते. नेरूळ लोकल मिळाली तर नेरूळला गाडी बदला. शनिवार-रविवार कार्यालय बंद असतं. ओळखपत्राची मूळ प्रत आणि झेरॉक्स, पासबुकाचं पहिलं पान, आणि नोटा मोजून लिहिलेली एक चिठ्ठी: किती रुपयांच्या, किती नग. बाहेर कोणी 'फॉर्म भरून देतो, आत ओळख आहे' म्हणालं तर पैसे देऊ नका, फॉर्म फुकट मिळतो आणि सुरक्षारक्षकही काउंटर कुठे ते नीट सांगतात. आत गेल्यावर नोटांची घडी स्वतः उलगडू नका, काउंटरवरच्या माणसाला उलगडू द्या.